जुन्या तारखेची जाहिरात

बाळारामचं म्हातारपण त्याच्या मोबाईलमध्ये होतं, आणि ते दिवसातून चार वेळा हलायचं.

नव्या योजनेची तऱ्हाच तशी होती. पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापायचे, त्यात सरकारनं आपले थोडे घालायचे आणि सगळे मिळून बाजारात सोडायचे. निवृत्तीच्या दिवशी ते जितके होऊन घरी येतील, त्यावर पेन्शन. त्यामुळे परदेशात कोणी बड्या माणसानं तोंड उघडलं की इकडे आटगावात बाळारामचं म्हातारपण साडेतीनशे रुपयांनी उतरायचं. दुसऱ्या दिवशी तो माणूस खुलासा करायचा, की मला तसं म्हणायचं नव्हतं. मग दोनशे परत यायचे. दीडशे गेले ते गेले.

"गाभण म्हैसपण तुमी इतक्यांदा तपासत नाय," त्याची बायको शालन म्हणायची.

म्हशीचा दाखला तिनं उगाच दिला नव्हता. बाळाराम पशुधन पर्यवेक्षक होता, म्हणजे कागदावर. लोकांच्या तोंडी तो ढोरांचा डाक्टर. राहायला आटगावला, नोकरी मुरबाड तालुक्यात टोकावड्याकडच्या दवाखान्यात. रोजची मोटरसायकल, रोजचे खड्डे, रोजची लस. येत्या मे अखेर तो निवृत्त होणार होता आणि गेले वर्षभर त्याला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायचा, उठल्यावर कशाला उठलो ते आठवत उभा राहायचा.

अशात संघटनेच्या ग्रुपवर एक परिपत्रक आलं. नोकरीला लागले एक नोव्हेंबर दोन हजार पाचच्या नंतर, पण ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधीची आहे, त्यांना जुनी पेन्शन निवडता येईल. विकल्प एकदाच द्यायचा. बाळाराम लागला होता दोन हजार सहाच्या मार्चात. जाहिरात कधी आली होती? भातकापणी चालू होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. पण भातकापणीला तारीख नसते.

त्यानं लसीच्या रिकाम्या खोक्यावर हिशेब मांडला. नवीत महिना नऊ-साडेनऊ हजार, तेही बाजारानं मनावर घेतलं तर. जुनीत शेवटच्या पगाराच्या निम्मे, म्हणजे तिसाच्या पुढे, वर महागाई भत्ता आणि आपल्यामागं शालनलाही काही ना काही. ठाण्याला खासगी कंपनीत असलेली त्यांची मुलगी संघरत्ना फोनवर म्हणाली, की पप्पा, नवीत निदान एकरकमी पैसा हातात येतो, तो नीट गुंतवायचा. बाळारामनं तिला विचारलं की तुझ्या नोकरीत पेन्शन किती? ती म्हणाली, पेन्शन नाही, पण पर्याय खूप आहेत. त्यावर बाळारामनं खोकं घडी करून खिशात ठेवलं.

जाहिरातीची प्रत मागायला तो शहापूरच्या कार्यालयात गेला, तर खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की ती अर्जदारानं आणायची आहे. शुक्रवारपर्यंत. जाहिरात कार्यालयानंच दिली होती, हे बाळारामनं सांगून पाहिलं.

"दिली होती ना?" बाई म्हणाल्या. "मग दिलेली वस्तू आमच्याकडं कशी राहील?"

बाळाराम खिडकीपासून बाजूला झाला. त्याच्या बरोबरीनं लागलेला दुसरा कोणी असता तर त्याच्याकडे मिळाली असती. पण ती अनुशेषाची भरती होती, आणि लागला होता एकटा बाळाराम. वाचनालयानं जुने पेपर रद्दीत घातले होते. पेपरच्या मुंबईच्या कचेरीत जुन्या अंकांच्या बांधीव फायली होत्या, पण जिल्ह्याचं पान कुणी त्यात बांधलं नव्हतं. जिल्ह्यात काही घडतं आणि ते कुणाला पुढे लागेल, असं त्यांना वाटलं नसावं.

सोमवार असा गेला. मंगळवारी सकाळी शालनला आठवलं, की आटगावच्याच बारकूमामांच्या घरी बाईजामामी ट्रंकेत पेपर अंथरते आणि एकदा अंथरलेला पेपर ती काढत नाही.

बारकूमामा रेल्वेत ट्रॅकमन होते. आयुष्यभर रुळांना हातोडी मारत कसाऱ्यापर्यंत चालले आणि साठीला निवृत्त झाले ते जुन्या पेन्शनीवर. आता वय एकाहत्तर. त्यांची तब्येत हा घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. चहा दुधाचा, भाकरी मऊ, पंखा त्यांच्याकडे वळवलेला. दोन्ही मुलगे वेगळे राहत. शेताची वाटणी त्यांनी दहा मिनिटांत केली होती, बापाची मात्र अकरा वर्षं चालू होती. सध्या सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं ठरलं होतं आणि अधिक महिना कोणाचा, ह्यावर दोघांचं बोलणं बंद होतं.

"मला शिंक आली का सुना पळत येतात," बारकूमामा म्हणाले. "पूर्वी शिंकलो तर म्हणायच्या, भायेर जावा."

बाईजामामीनं ट्रंक रिकामी केली. नऊवारी, शाली, नातवंडांची कुंची, आणि तळाला खरंच पेपर. पिवळा, पण सलग. बाळारामनं गुडघ्यावर बसून तारीख वाचली. मंगळवार, २५ ऑक्टोबर २००५. त्यानं पान उलटलं. जिल्ह्याचं पान. खाली डावीकडे ठळक अक्षरात 'पशुसंवर्धन विभाग: जाहिरात' आणि त्याच्या खाली, नेमकी चार बोटं रुंद आणि सहा बोटं लांब, एक चौकोनी खिडकी. खिडकीतून ट्रंकेचा पत्रा दिसत होता.

"कुपन होतं ना मागल्या बाजूला," बाईजामामी म्हणाली. "तीस कुपनं चिकटवली का स्टीलचा डबा. एक दिवस चुकवला नाय मी. लय चांगला डबा, अजून चा-पावडर त्यातच असते."

मग तिनं त्याच डब्यातली पावडर घालून चहा केला. बाळारामनं तो उभ्यानं प्यायला. सबंध तालुक्यात कुणी ना कुणी त्या दिवशी डब्यासाठी कात्री चालवली असणार, हे त्याच्या लक्षात आलं.

पण पंचवीस तारीख त्यानं पाहिली होती. ती तारीख आता त्याला बसू देईना. बुधवारी दवाखान्यात त्यानं एका बोकडाला दोनदा लस टोचली आणि बोकडाच्या मालकिणीनं ते मोठ्या मनानं फुकट समजून घेतलं. दुपारी टोकावड्याच्या एका ढाब्यावर तो चहाला थांबला. तिथं भगीरथ शिट्टी मारत होता.

भगीरथ एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यानं माळशेज घाटात गाडी चढवली-उतरवली, ती सबंध दरीच्या कडेनं. पेन्शन फंडातून त्याला महिन्याला दोन हजार तीनशे चाळीस रुपये यायचे. म्हणून तो ढाब्यावर पार्किंगचं काम करायचा, पर्यटकांच्या गाड्या शिट्टी वाजवून मागे घ्यायला लावायचा. सरकारी नोकर, रेल्वेवाला आणि तो, तिघांनी सारखीच वर्षं घाम गाळला, मग म्हातारपणाचे भाव तीन कसे, हा प्रश्न तो गाडीवाल्यांनाही विचारायचा. पण काच वर असल्यामुळे त्यांना तो ऐकू जात नसे.

बाळारामनं त्याला जाहिरातीचं सांगितलं. भगीरथनं शिट्टी तोंडातून काढली.

"पंचवीस आक्टोबर मला काय ठाव नाय, डाक्टर. पण पेपरचा गठ्ठा माझ्याच पहिल्या गाडीला यायचा. हितं टाकायचो. आणि गठ्ठा सुटायच्या आधी त्यात हात घालणारा एकच माणूस होता. वैशाखऱ्याचा जगन. नोकरीच्या जाहिराती कापायचा आणि बाकीचा पेपर पोऱ्याला परत द्यायचा. अर्धे पैसे."

बाळारामनं चहाचे पैसे दिले. जगनचं नाव येणार, हे त्याला बहुधा सोमवारपासूनच ठाऊक होतं. म्हणूनच तो आटगाव, मुंबई, वाचनालय असा सगळीकडे जाऊन आला होता, वैशाखऱ्याला सोडून.

जगन आणि तो एकाच वर्षी पदविका झाले, एकाच भरतीला बसले. यादीत बाळाराम पहिला, जगन दुसरा. मध्ये एक गुण. निवड एकाची, आणि जगन प्रतीक्षा यादीत पहिल्या नंबरावर. ती यादी वर्षभर चालते. वर्षभर जगन भेटला की बाळारामच्या तब्येतीची चौकशी करायचा, तीही मनापासून. वर्ष संपलं आणि चौकशी थांबली. पुढे जगन मुरबाडला एका कारखान्यात लागला, कारखाना बंद पडला, एवढं बाळारामच्या कानावर होतं. वैशाखरे त्याच्याच हद्दीतलं गाव, पण लसीकरणाला तो परिचराला पाठवायचा. त्याची तशी गरजही पडत नसे. एकोणीस वर्षांत वैशाखऱ्याहून आजारी जनावराचा एक फोन त्याला आला नव्हता. सबंध भागात सगळ्यात निरोगी ढोरं वैशाखऱ्याची, असं तो दर वर्षी अहवालात लिहायचा. दोनदा त्याबद्दल त्याचं कौतुकही झालं होतं.

गुरुवारी सकाळी तो वैशाखऱ्यात शिरला, तेव्हा जगनच्या घराला कडी होती. शेजारणीनं गावातल्या एका गोठ्याकडे बोट दाखवलं. गोठ्यात एक गाय आडवी पडली होती, भोवती चार माणसं, आणि जगन गायीमागे गुडघ्यावर बसून, हात खांद्यापर्यंत आत घालून, छताकडे बघत होता. वासरू अडलं होतं.

त्यानं बाळारामला पाहिलं. एकोणीस वर्षांचं काय बोलावं ते त्या वेळी दोघांनाही सुचायला सवड नव्हती.

"मान मागं वळलीये," जगन म्हणाला. "दोरी दे."

बाळारामनं दोरी दिली. मग सदरा काढला. पाऊण तास ते दोघं त्या गायीशी झटत होते, आणि जे बोलले ते फक्त ओढ, थांब, सोड. वासरू निघालं, जिवंत. गायीच्या मालकिणीनं, भागी तिचं नाव, दोघांना हात धुवायला गरम पाणी दिलं आणि जगनच्या हातात पडवळं आणि सहा अंडी ठेवली. बाळारामला तिनं विचारलं की तुमी पण ह्याच कामातले का?

निरोगी ढोरांचा उलगडा असा झाला. बाळाराम पडवळांकडे बघत राहिला. एका जागेचा पगार तो घेत होता, आणि ह्या गावात ते काम पडवळांवर चाललं होतं.

घरी जगननं त्याला खुर्ची दिली. जगनची बायको आटगावच्या गोदामात पॅकिंगला जायची, ती संध्याकाळशिवाय येत नसे. बाळाराम बसला, उठला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपाशी गेला, परत बसला. कसं काढावं, ह्याची तो रस्ताभर तयारी करून आला होता. सुरुवात तब्येतीच्या चौकशीनं करायची असं ठरलं होतं. पण जगननंच विचारलं, जाहिरातीला आलास ना. परिपत्रक त्यानंही वाचलं होतं. सरकारी परिपत्रकं तो अजून वाचायचा, सवय.

बाळारामनं मग त्याला पेन्शन किती मिळते ते विचारलं. विचारल्यावर त्याला वाईट वाटलं, पण गेले चार दिवस तो भेटेल त्याला हेच विचारत होता. जगननं काही लपवलं नाही. कारखान्यातली अकरा वर्षं, मुदतीआधी घेतली म्हणून कापून, महिना अकराशे बारा रुपये. "वरचे बारा कशाचे ते मला नाय कळलं," तो म्हणाला. "पण वेळेवर येतात."

मग त्यानं कपाटावरून फाईल काढली. त्यानं अर्ज केलेली प्रत्येक जाहिरात तीत होती. प्रत्येकीवर सुबक अक्षरात पेपरचं नाव, तारीख, अर्ज पाठवल्याचा दिवस. वनरक्षक, तलाठी, कंडक्टर, दूध संघ. एका माणसाच्या न झालेल्या नोकऱ्यांचं असं नीटनेटकं दफ्तर बाळारामनं कुठल्याही कार्यालयात पाहिलं नव्हतं.

पंचवीस ऑक्टोबरची जाहिरात एकशे चौदाव्या पानावर होती. पशुधन पर्यवेक्षक, अनुशेष भरती. बाळारामनं वर छापलेली तारीख वाचली, परत वाचली. मग त्यानं खालची ओळ वाचली आणि थांबला.

पदसंख्या: दोन.

"दोन?" तो म्हणाला.

"मागं बघ."

मागे गंजलेल्या पिनेनं दुसरं एक कात्रण टोचलेलं होतं. इवलंसं. ८ नोव्हेंबर २००५. शुद्धिपत्रक. अमुक तारखेच्या जाहिरातीत पदसंख्या दोन ऐवजी एक अशी वाचावी.

बाळारामनं ते शुद्धिपत्रक त्या वेळी पाहिलं नव्हतं. पहिला आलेल्याला पाहायची गरज पडत नाही.

"जाहिरात घेऊन जा," जगन म्हणाला. "पण हे दोन्ही आहेत तसे दे. सोडवू नको. गावात म्हणतात जगन नापास झाला. माझा बापपण तेच समजून गेला. जागा दोन होत्या, हे सरकारच्या एका तरी फायलीत राहू दे."

बाळारामनं हो म्हटलं. ते म्हणायला काही लागत नाही. खरी परीक्षा घरी परतल्यावर रात्री झाली; शालनच्या भाषेत, अंथरुणात म्हैस वळते तसा तो वळत होता. पंचवीस ऑक्टोबर एक नोव्हेंबरच्या आधीची, आठ नोव्हेंबर नंतरची. दोन्ही दिल्या आणि कुणी म्हणालं की शुद्धिपत्रकानं जाहिरात बदलली, तेव्हा खरी तारीख नंतरची धरा, तर? तीस हजाराचे नऊ होतील. मरेपर्यंत. आणि ती पीन गंजून इतकी नाजूक झाली होती, की तिला कुणी हात लावला नाही तरी ती वाटेत पडू शकत होती. बॅगेत. मोटरसायकलवर. खड्डे तर होतेच.

सकाळी त्यानं शालनला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "एकटं दिलंत तर पैशे येतील आणि तुमी हितंच येरझारा घालाल. दोन्ही दिलेत तर पैशे अडकतील आणि तुमी हितंच येरझारा घालाल. मला दोन्हीकडं सारखंच."

खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी अर्ज पाहिला, जाहिरात पाहिली, तारखेवर बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच हसल्या. छान आहे, म्हणाल्या, लगेच होईल. मग पान उलटलं.

"हे कशाला?"

"जोडलेलं आहे."

"ते दिसतंय. पण लागत नाही. पहिली जाहिरात पुरेशी आहे." बाईंनी आवाज खाली आणला, बाई वाईट नव्हत्या. "हे मी आवक केलं तर फाईल मार्गदर्शनासाठी वर जाईल. वर गेलेली कधी येते ते मला विचारू नका. तुमचा मे महिना. काढून घ्या ते."

त्यांनी कागद खिडकीतून परत सरकवला. मागे रांगेत सहा माणसं होती आणि सहाव्याला घाई होती. बाळारामनं अंगठा आणि बोट पिनेवर ठेवलं. तिचा गंज बोटाला लागला. हिसका द्यायचीही गरज नव्हती. नुसतं उचललं असतं तरी सुटली असती, आणि जगनला हे कधीच कळलं नसतं. शासनाच्या कुठल्या फायलीत काय आहे, हे शासनालाही कळत नाही.

बाळारामला काल पाहिलेली पडवळं आठवली आणि एकोणीस अहवाल.

"दोन्ही घ्या," तो म्हणाला.

"नीट ऐकलंत ना मी काय म्हणाले?"

"ऐकलं. दोन्हीवर शिक्का मारा. आणि पोचपावतीवर लिहा, शुद्धिपत्रकासह."

बाईंनी त्याच्याकडे, मग रांगेकडे पाहिलं आणि दोन शिक्के मारले. दुसरा जरा जोरात मारला.

शहापुरातून तो सरळ किन्हवलीच्या रस्त्यानं वैशाखऱ्याला निघाला. दवाखान्यात त्याची वाट बघणारी जनावरं होती, ती थांबली. जगन अंगणात होता. त्यानं पोचपावती हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, आवक क्रमांक मोठ्यानं वाचला, 'शुद्धिपत्रकासह' हा शब्द दोनदा वाचला. मग आत जाऊन फाईल आणली, एकशे चौदाच्या रिकाम्या पानात पावती ठेवली आणि वर तारीख टाकली.

"तुझं काय?" त्यानं विचारलं.

"वर गेलंय."

जगननं मान हलवली. बाळाराम अंगणातच इकडून तिकडे चालत होता. शेवटी जगननं त्याच्यासमोर खुर्ची आणून ठेवली.

"पहिले सहा महिने जड जातात," तो जाणकाराच्या आवाजात म्हणाला. "रोज पोस्टमनला विचारावंसं वाटतं. विचारायचं. तो चिडत नाय. मग हळूहळू सवय सुटते."

बाळाराम खुर्चीत बसला. थोड्या वेळानं उठला, फाटकापर्यंत गेला आणि ह्या गावाचा पोस्टमन किती वाजता येतो, असं त्यानं विचारलं.